रूट कॅनाल : ‘चार हजारां’चे बिल बारा हजारांवर का जाते?

रात्री दाढ ठणकायला लागते. दोन दिवस लवंगेच्या तेलाचा बोळा, मग मेडिकलमधून आणलेली पेनकिलर आणि तिसऱ्या दिवशी दवाखाना. एक्स-रे पाहून डॉक्टर सांगतात, ‘रूट कॅनाल करावे लागेल, चार हजार.’ रुग्ण मान डोलावतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर ठणका थांबतो आणि मग कळते, की आता कॅप बसवायची आहे, तिचे पैसे वेगळे. वरच्या भरणीचे वेगळे, एक्स-रेचे वेगळे. हिशेब बारा हजारांवर जातो आणि ‘डेंटिस्ट लुटतात’ ही समजूत आणखी पक्की होते. दर वेळी लूट असतेच असे नाही. पण पूर्ण खर्च आधी न सांगण्याची सवय मात्र सर्रास आहे आणि माझा आक्षेप तिला आहे.

पैसे नेमके कशाचे?

दाताच्या आत मऊ गर असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा. कीड तिथवर पोहोचली की गर सुजतो. पण भोवतीचे कडक कवच ताणले जात नाही, म्हणून तो जीवघेणा ठणका. रूट कॅनालमध्ये हा गर काढून मुळांतल्या नलिका बारीक फाइलने साफ करतात, सोडियम हायपोक्लोराइटने पुन:पुन्हा धुतात आणि गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरून बंद करतात.

नलिका किती, यावर काम ठरते. समोरच्या वरच्या दाताला बहुधा एकच नलिका असते. दाढेला तीन, अनेकदा चार. वरच्या पहिल्या दाढेतली चौथी नलिका इतकी बारीक असते, की ती शोधण्यातच वेळ जातो. ती राहून गेली, तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तिथेच पू होऊ शकतो. मग जुने भरण उकरून सगळे पुन्हा करावे लागते आणि त्याचा दर पहिल्यापेक्षा जास्त असतो.

फाइल ठरावीक वापरानंतर फेकाव्या लागतात, नाहीतर नलिकेतच तुटण्याचा धोका. थुंकी दातात जाऊ नये म्हणून रबर डॅमचा पडदा, नलिकेची लांबी मोजायला एपेक्स लोकेटर. यातले काय वापरले आणि काय टाळले, हे खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला दिसत नाही. स्वस्त दर कधी साध्या जागेमुळे असतो, तर कधी या टाळाटाळीमुळे.

शहरांत खासगी दवाखान्यात दाढेचे रूट कॅनाल साधारण तीन ते आठ हजारांत होते. मुंबई-पुण्याच्या चकचकीत भागांत किंवा एमडीएस झालेल्या एंडोडॉन्टिस्टकडे त्याहून जास्त.

खरा घोळ कॅपचा

गर काढलेली, आधीच किडीने पोखरलेली दाढ चावताना उभी चिरू शकते. चीर मुळापर्यंत गेली की बहुतेक वेळा दाढ काढावीच लागते. ठणका थांबला म्हणून कॅप न बसवता घरी बसणारे कमी नाहीत. त्यांचे आधीचे पैसेही पाण्यात जातात. समोरच्या दाताचा फारसा भाग गेला नसेल, तर कॅपशिवाय चालू शकते. दाढेला सहसा नाही.

पण कॅप झिर्कोनियाचीच हवी असेही नाही. मागच्या, हसताना न दिसणाऱ्या दाढेवर धातूची कॅप वर्षानुवर्षे टिकते आणि सर्वांत स्वस्त पडते. धातूवर सिरॅमिक असलेली तीन ते सहा हजारांत, झिर्कोनिया त्याच्या दुप्पट किंवा अधिक. तिच्यासोबत मिळणारे दहा-पंधरा वर्षांच्या वॉरंटीचे कार्ड बहुधा फक्त कॅपचे असते, खालच्या दाताचे किंवा रूट कॅनालचे नव्हे, हे बारीक अक्षरात वाचावे.

दात काढून टाकला तर? अक्कलदाढेच्या बाबतीत तो अनेकदा शहाणपणाचा पर्याय. चावण्याची दाढ मात्र काही शे रुपयांत निघते आणि पुढे ब्रिज किंवा वीस-तीस हजारांच्या इम्प्लांटचा प्रश्न उभा राहतो.

हा खर्च पूर्ण खिशातून जातो, हे विसरता येत नाही. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये दातांचे उपचार सहसा अपघातात रुग्णालयात दाखल झाल्यासच मिळतात. सीएसएमटीजवळचे, नागपूरचे आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, इथे हेच काम खासगीच्या तुलनेत फार कमी पैशांत होते. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी करतात, वेळ घेतात. फेऱ्या मात्र अनेक, आणि रोजंदारीवरच्या माणसाचा प्रत्येक फेरीला एक खाडा. गडचिरोलीच्या आतल्या गावातून नागपूर गाठायचे, तर एसटीचे भाडे वेगळेच. म्हणून तिथे दात वाचत नाहीत, निघतात. याला रुग्णाचे अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

दवाखान्यांनी एवढे तरी करावे : रूट कॅनाल, भरणी, कॅप आणि एक्स-रे धरून एकच आकडा, कागदावर, पहिल्या इंजेक्शनच्या आधी. रुग्णानेही तो मागायला संकोचू नये. आणि काम संपल्यावरचा शेवटचा एक्स-रे मागून घ्यावा, मोबाइलमध्ये जपून ठेवावा. भरण मुळाच्या टोकापर्यंत पोहोचले की नाही, हे उद्या दुसऱ्या डॉक्टरला त्यावरूनच कळणार असते.