शिकणाऱ्याने कोणाचे ऐकावे?

वसमतमध्ये मराठी नव्याने शिकणारी माणसे कमी नाहीत. हळदीच्या खरेदीसाठी बाहेरून येणारे व्यापारी, बदलीवर आलेले बँकेतले कर्मचारी, उत्तरेकडून आलेले कारागीर, शिवाय तांड्यावरून शाळेत येणारी, घरी गोरमाटी बोलणारी मुले. यांतल्या मोठ्यांना मराठी पुस्तकातून मिळत नाही. ‘असं नाही, असं म्हणा’ म्हणणारा शेजारी किंवा सहकारी हाच त्यांचा मास्तर. त्याचे म्हणणे किती आणि कसे मानायचे, हे शिकणाऱ्याला कोणी सांगत नाही.

जन्माने मराठी असलेल्या माणसाचा कान सहसा चुकत नाही. त्याने दिलेले कारण मात्र वारंवार चुकते. समजा, तेलंगणातून आलेला एखादा कर्मचारी म्हणाला, ‘मी भाकरी खाल्लो.’ सहकारी लगेच म्हणेल, ‘खाल्ली म्हणा.’ का, असे विचारले की तो तिथल्या तिथे नियम सांगेल : मागचे सांगताना क्रियापद कर्माप्रमाणे चालते. बिचारा शिकणारा तो नियम जपून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, ‘मी मराठी शिकली.’ लोक हसतात. शिकणे, विसरणे, पिणे, बोलणे ही क्रियापदे भूतकाळातही कर्त्याचाच हात धरून चालतात, हे त्या सहकाऱ्याला ठाऊक असते, पण ठाऊक आहे हेच त्याच्या ध्यानात नसते. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या व्याकरणात प्रयोगांची चर्चा इतकी तपशिलाने आली आहे ती उगाच नव्हे. म्हणून दुरुस्ती घ्यावी, नियम पारखून घ्यावा.

पण कान तरी कोणाचा? इथे प्रश्न अवघड होतो. लातूर, नांदेड, सोलापूर या भागांत जन्माने मराठी असलेली कितीतरी माणसे ‘मी काम केलो’, ‘मी सांगितलो’ असेच बोलतात. त्यांच्या शेजारच्या तेलुगू-कन्नडमध्ये क्रियापद भूतकाळातही कर्त्यामागे जाते. म्हणजे त्या कर्मचाऱ्याला पुण्याचा सहकारी जे चूक ठरवतो, तेच त्याला नांदेडच्या बाजारात अस्सल मराठी तोंडून ऐकू येते. वसमतकर ‘जायलो’ म्हणतो, जिल्ह्याची हद्द ओलांडून वाशीमकडे गेले की ‘जाऊन राहिलो’ कानी पडते, आणि शाळेच्या पुस्तकात ‘जात आहे’ असते. तिघेही आपापल्या जागी खरे बोलतात. ‘असं कोणी म्हणत नाही’ या वाक्याचा अर्थ बहुधा ‘आमच्यात असं म्हणत नाहीत’ एवढाच असतो. शिकणारा मात्र तो निकाल समजतो.

अमेरिकेतून फलटणला येऊन स्थायिक झालेल्या भाषाभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी याच गोंधळाचे अभ्यासात रूपांतर केले. गावातल्या एकाच माणसाला प्रमाण न मानता कोण कसे बोलते याचा त्यांनी शोध घेतला, त्यावर प्रबंध लिहिला आणि मग परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके तयार केली. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्याला एवढी सवड नसते, हे खरे. पण एकाच शब्दाबद्दल दोघातिघांना विचारणे त्यालाही जमते.

याउलट म्हणणाराही पक्ष आहे आणि तो हलका नाही. सगळेच बरोबर म्हटले तर शिकणाऱ्याच्या हाती काय उरते? त्याला अर्ज लिहायचा असतो, परीक्षा द्यायची असते. तिथे बोलीची बाजू घेणारा त्याच्या मदतीला येत नाही. ज्याला दोन्ही रूपे येतात त्याने बोलीचे कौतुक करणे सोपे आहे. ज्याला एकच रूप शिकायला वेळ आहे त्याला कुठेही चालणारे रूप आधी मिळायला हवे. हे आम्हाला पटते. फक्त ते लिहिण्यापुरते पटते. साहित्य महामंडळाचे १९६२ पासूनचे नियम लेखनाचे आहेत; मोंढ्यात भाव कसा विचारावा हे ते सांगत नाहीत. हळद विकायला आलेल्या शेतकऱ्याशी पुस्तकी मराठीत बोलणारा खरेदीदार चुकत नाही, पण तो परकाच राहतो. बोलण्याचा सल्ला ज्याच्याशी बोलायचे त्याचाच घ्यावा.

आपले बोलणे चूक ठरवले जाण्याचा अनुभव मराठवाड्याने स्वतः घेतला आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात वरचे शिक्षण आणि सरकारी कारभार उर्दूत होता. त्यामुळे इथल्या मराठीत जे शब्द मुरले, त्यांना पुढे बाहेरच्यांनी अशुद्ध म्हटले. ज्यांना आपल्याच भाषेत असे ऐकून घ्यावे लागले, त्यांनी नव्याने शिकणाऱ्याला तोच शब्द ऐकवू नये.

सर्वात मोठी जबाबदारी तांड्यावरच्या मुलांबाबत आहे. व्यापारी सल्ला नाकारू शकतो. मुलाला तो गुण म्हणून मिळतो. ते गोरमाटी घरी ठेवून येते, गावातल्या सवंगड्यांकडून ‘जायलो’ शिकते आणि वहीत त्यावर लाल रेघ पाहते. रेघ ओढायला आमची हरकत नाही, वहीत ‘जात आहे’च हवे. पण रेघेशेजारी मास्तरांनी लिहावे : लिहिताना असे. खेळताना तू म्हणालास ते बरोबर होते, हेही त्याला तोंडी सांगावे, आणि तेही वर्गासमोर.