वाड्याचा जमाखर्च

इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यात, थेम्स नदीच्या खोऱ्यात, ‘बॅसिल्डन पार्क’ नावाचा एक भव्य वाडा आहे. बाथच्या दगडातील त्याची डौलदार घडण आणि भोवतालचे सुमारे ४०० एकरांचे उपवन पाहून कोणाही रसिकाचे मन प्रसन्न व्हावे. परंतु ज्या पैशावर हे वैभव उभे राहिले, तो कोठून आला?

वास्तुशिल्पी जॉन कार याने १७७६ पासून हा वाडा बांधला तो फ्रान्सिस साइक्स याच्यासाठी. साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. १७६५ साली कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली. त्या सुमारास साइक्स मुर्शिदाबादच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट होता. तेथे त्याने अफाट संपत्ती जमविली. अशा धनिकांना त्यांचे देशबांधवच उपहासाने ‘नबाब’ म्हणत. १७७० च्या भीषण दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसे मेली. साइक्स त्यापूर्वीच मायदेशी परतला होता. तेव्हा त्या अनर्थाचे खापर त्याच्या एकट्याच्या माथी फोडणे न्यायाचे नव्हे. परंतु रयतेला पिळणाऱ्या व्यवस्थेचा तो लाभार्थी होता, हे नाकारता येणार नाही.

पुढे ओस पडलेला हा वाडा १९५० च्या दशकात आयलिफ दांपत्याने विकत घेऊन सावरला आणि १९७८ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’च्या स्वाधीन केला. या दातृत्वाचे मोल कमी नाही. २०२० मध्ये ट्रस्टने आपल्या ताब्यातील ९३ स्थळांचा वसाहतवादाशी व गुलामगिरीशी असलेला संबंध एका अहवालात मांडला, तेव्हा मात्र गहजब उडाला. लोक वाडे पाहायला येतात ते विरंगुळ्यासाठी, पूर्वजांची निंदा ऐकण्यासाठी नव्हे, असा टीकाकारांचा सूर होता.

हा आक्षेप टिकणारा नाही. दगड कोणत्या खाणीतला, हे सांगणे जर इतिहास असेल, तर पैसा कोणाच्या घामाचा, हे सांगणे निंदा कशी ठरते? कोणी वाडा पाडा म्हणत नाही, की कारागिरांचे कौशल्य नाकारत नाही. मागणी एवढीच की, जमेची बाजू दाखविताना खर्चाची बाजू झाकू नये. त्या खर्चाच्या बाजूला बंगालचा शेतकरी आहे. आणि त्याच्या नावाचा दगड त्या उपवनात कोणी बसविलेला नाही. निदान वाड्याची कथा सांगताना तरी त्याचा उल्लेख व्हावा. सत्य सांगितल्याने वास्तूचे सौंदर्य उणावत नाही; पाहणाऱ्याची दृष्टी मात्र प्रौढ होते.