सोडियम मुबलक आहे; प्रश्न कार्बनचा आहे

सोडियम-आयन बॅटरीची बातमी बहुधा एकाच वाक्याने सुरू होते: लिथियम दुर्मीळ, सोडियम मात्र मिठातही आहे. विधान खरे आहे. पण अडचण मिठात नाही, ॲनोडच्या कार्बनात आहे.

लिथियम बॅटरीत ॲनोडसाठी ग्रॅफाइट वापरतात. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये ते सोडियमला जवळजवळ सामावून घेत नाही. याचे कारण केवळ आयनाचा आकार नव्हे. सोडियमहून मोठे पोटॅशियम ग्रॅफाइटमध्ये शिरते. सोडियम आणि ग्रॅफाइट यांचे संयुगच पुरेसे स्थिर नसते. म्हणून हार्ड कार्बनचा आधार घ्यावा लागतो. काही कार्बन कितीही तापवले तरी ग्रॅफाइट होत नाहीत, हे रोझालिंड फ्रँकलिन यांनी १९५१ मध्ये मांडले. त्यांचे वेडेवाकडे थर आणि बंदिस्त पोकळ्या सोडियमला आसरा देतात. २००० मध्ये स्टीव्हन्स आणि डान यांनी ग्लुकोजपासून केलेल्या अशा कार्बनमध्ये प्रतिग्रॅम सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास क्षमता दाखवली.

हा कार्बन नारळाच्या करवंटीपासून, बांबूपासून, भाताच्या तुसापासूनही होतो. जबलपूरच्या परिसरात धान पिकते; तेव्हा ‘तुसापासून बॅटरी’ ही कल्पना आपल्याला सहज मोहवते. परंतु तुसात सिलिका भरपूर असते. ती काढण्यास रसायने व पाणी लागते, आणि ती निघून गेल्यावर मागे छिद्रे उरतात. इलेक्ट्रोलाइटला उघडा पडणारा पृष्ठभाग जितका मोठा, तितके पहिल्याच प्रभारणात अधिक सोडियम कायमचे अडकते.

येथेच आकड्यांची फसगत होते. प्रयोगशाळेत अनेकदा कार्बनसमोर सोडियम धातूची चकती ठेवतात. तिच्यात सोडियमचा साठा इतका असतो की हानी जाणवतच नाही. खऱ्या बॅटरीत मात्र प्रत्येक आयन कॅथोडमधून येतो. समजा, कार्बनची परत मिळणारी क्षमता ३०० आहे आणि पहिल्या आवर्तनाची कार्यक्षमता ८० टक्के. मग ३७५ द्यावे लागतील आणि ७५ बुडतील. कॅथोडची क्षमता प्रतिग्रॅम १०० धरली, तर एक ग्रॅम कार्बनसाठी पाऊण ग्रॅम कॅथोड केवळ ही तूट भरण्यात जाईल. स्वस्त तूस असे महाग पडते.

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटीने आयसर पुणे येथील संशोधनाच्या साहाय्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केले. देशात क्षमता आहे, हे त्यातून दिसते. पण कारखान्याला एक उत्तम नमुना पुरत नाही. दर खेपेला तोच कार्बन लागतो. तुसाची घडण तर वाण, माती आणि हंगाम यांनुसार बदलते.

माझ्या मते जबलपूरचे काम नेमके येथे आहे. जवाहरलाल नेहरू कृषि विश्वविद्यालयाला पिकाची जाण आहे, उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेला बांबूची, आणि अभियांत्रिकी शिकवणारी ट्रिपल आयटी याच शहरात आहे. त्यांनी मिळून कच्च्या मालातील राख, सिलिका व पोटॅशियम यांची हंगामवार नोंद ठेवली, तर ती एखाद्या विक्रमी आकड्याहून अधिक उपयोगी ठरेल.

विद्यार्थी मित्रांनो, पुढची बातमी वाचताना क्षमतेच्या आकड्यावर थांबू नका. पहिल्या आवर्तनात किती सोडियम बुडाले, पूर्ण बॅटरी बांधली होती का, आणि दुसऱ्या खेपेच्या कार्बनने तेच फळ दिले का, हे तीन प्रश्न अवश्य विचारा.