तुरुंगातील धूळ आणि पहारेकरी

तुरुंगाच्या पहारेकऱ्याला काय शिकवितात? झडती घेणे, कैद्यांची मोजदाद, किल्ल्यांचा हिशेब, दंगल आटोक्यात आणणे. धोका असेल तो माणसापासूनच, हे या शिक्षणातील गृहीत होय. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ॲटवॉटरच्या संघीय कारागृहात २००२ पासून जे घडले, त्याने या गृहीताचा फोलपणा उघड केला. तेथे धोका हवेत होता.

'युनिकॉर' हे अमेरिकेच्या संघीय तुरुंग-उद्योगाचे व्यापारी नाव. जुने संगणक मोडण्याचा धंदा या संस्थेने आरंभिला आणि ॲटवॉटरचे कैदी पडद्यांच्या काचनळ्या हातोडीने फोडू लागले. अशा एकेका नळीत किलो-दोन किलो, कधी अधिकही शिसे असते, जोडीला कॅडमियम. मजुरी तासाला २३ सेंटपासून फार तर १ डॉलर १५ सेंट. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे गणित परिचयाचे वाटेल: ज्या खर्चाची पावती कैद्याच्या फुप्फुसांच्या नावे फाटते, तो जमाखर्चात दिसत नाही.

तेथे नियम नव्हते, असे नाही. कामगाराला तो हाताळीत असलेल्या रसायनांची माहिती दिलीच पाहिजे, हा दंडक १९८३ चा. घातक द्रव्य सांडल्यास ते ओळखावे, स्वतः साफ करू जाऊ नये, वर कळवावे, एवढे प्राथमिक शिक्षणही नियमांत सांगितलेले आहे. पण ते अपघातासाठी! रोज उडणारी धूळ हा अपघात नव्हे, तो दिनक्रम. आणि दिनक्रमाकडे संशयाने पाहण्यास पहारेकऱ्याला क्वचितच शिकविले जाते. बाहेरचा कामगार निदान काम सोडून जाऊ शकतो. कैद्याचे दार पहारेकऱ्याच्या हाती असते. म्हणून त्याचे अज्ञान ही त्याची खासगी बाब राहत नाही. शिवाय तीच हवा त्याच्याही छातीत जाते, आणि शिशाची धूळ गणवेशावरून त्याच्या मुलांपर्यंत पोचू शकते.

ॲटवॉटरला ही धूळ ओळखली ती सुरक्षा व्यवस्थापक लेरॉय स्मिथ यांनी. कारण ते ओळखणे हाच त्यांचा व्यवसाय होता. त्यांच्या तक्रारीवर कारागृह विभागाने स्वतःच स्वतःची चौकशी केली. अशा चौकशा आपल्याकडेही अपरिचित नाहीत. सरकारच्याच विशेष विधिज्ञ कार्यालयाने २००६ मध्ये तो अहवाल अपुरा ठरविला व त्याच वर्षी स्मिथ यांचा लोकसेवक म्हणून गौरव केला. कर्मचारी व कैदी या दोहोंच्या शरीरांना शिसे आणि कॅडमियम यांचा संसर्ग घडला, हे न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी अहवालात नमूद केले ते ऑक्टोबर २०१० मध्ये. पहिली हातोडी पडल्याला तेव्हा आठ वर्षे झाली होती.