मरियमच्या नावाचे स्थानक

गेल्या आठवड्यात रात्रीची जेवणे आटोपली आणि धाकट्या लेकीने मोबाईल माझ्यापुढे धरला. "अम्मी, हे कुठलं चर्च असेल, सांग बरं?" उंच कमानी, मंद उजेड आणि भिंतीवर डोके झाकलेल्या एका स्त्रीची मोठी उठावाची आकृती. मी म्हटले, "गोव्यातलं असेल." ती हसली. "चर्च नाही, मेट्रोचं स्टेशन आहे. आणि तेही तेहरानमधलं!"

तिने दाखवलेले स्थानक तेहरान मेट्रोच्या सहाव्या मार्गावरचे. 2025 साली ते सुरू झाले. नाव 'मरियम-ए-मुकद्दस', म्हणजे पवित्र मरियम. शेजारीच आर्मेनियन ख्रिश्चनांचे सेंट सार्किस हे मोठे चर्च आहे. म्हणून नावही तसे आणि सजावटही तशी. भिंतींवर हजरत मरियम (अ.) आणि हजरत ईसा (अ.) यांची उठावशिल्पे आहेत. ही छायाचित्रे जगभर फिरली. कुणी म्हणाले, इस्लामी राजवटीत ख्रिश्चनांचा असा सन्मान, वाहवा! कुणी म्हणाले, हा निव्वळ देखावा आहे.

वाद आमच्या घरातही झाला. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि लगेच म्हणाल्या, "नबींची तसवीर? तौबा! आणि तीही स्टेशनात, जिथं माणसं धक्काबुक्की करतात, पान खाऊन थुंकतात?" लेक म्हणाली, "पण दादी, त्यांनी तर इज्जतीनंच लावलंय ना?"

दोघींचेही म्हणणे मला टाकून देता येईना.

आधी चित्राचा प्रश्न. पैगंबरांची चित्रे काढू नयेत, ही आपल्याकडची जुनी आणि जवळपास सर्वमान्य भूमिका. इराणमधल्या शिया समाजात चित्रांची परंपरा वेगळी आहे, तिथे धार्मिक प्रसंगांची चित्रे शतकानुशतके काढली गेली. आपल्या इतिहासग्रंथांतही एक रिवायत सापडते. मक्केचा इतिहास लिहिणारे अझरकी सांगतात, की मक्का जिंकल्यावर काबागृहातली चित्रे पुसताना प्रेषितांनी (स.) मरियम आणि ईसा यांच्या चित्रावर हात ठेवून ते राखले. तिच्या सनदीबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, त्यामुळे तिच्यावरून फतवा काढण्याचा प्रश्नच नाही. पण मरियमविषयीचा आदर आपल्याकडे किती जुना आहे, हे त्यातून कळते. कुरआनात नावाने उल्लेख असलेली ती एकमेव स्त्री. तिच्या नावाची अख्खी सुरह आहे. आपल्या किती घरांतल्या लेकींचे नाव मरियम आहे!

त्या सुरहची एक गोष्ट मी लेकीला सांगितली. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा काही मुसलमान समुद्र ओलांडून हबशा देशात गेले. तिथला राजा नजाशी ख्रिश्चन होता. कुरैशांचे दूत नजराणे घेऊन मागोमाग पोहोचले आणि म्हणाले, आमची माणसे परत द्या. तेव्हा हजरत जाफर (रजि.) यांनी दरबारात सुरह मरियम ऐकवली. राजाच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने नजराणे परत केले आणि आश्रितांना सांगितले, की माझ्या राज्यात निर्धास्त राहा.

लेक गप्प ऐकत होती. मी म्हटले, "बघ बेटा, नजाशीनं मुसलमानांसाठी भिंत रंगवली नव्हती. त्यानं आसरा दिला होता."

तेहरानच्या स्थानकाकडे मला याच नजरेने बघावेसे वाटते. इराणमधले आर्मेनियन काही कालचे पाहुणे नाहीत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शाह अब्बासने त्यांना आरस नदीकाठच्या जुल्फा गावातून उठवून इस्फहानजवळ वसवले. ते राजीखुशीने आले नव्हते, पण तिथे रुजले आणि त्यांनी व्यापार व कारागिरीत नाव काढले. आज इराणची राज्यघटना ख्रिश्चन, यहुदी आणि पारशी यांना मान्यताप्राप्त अल्पसंख्याक मानते. संसदेत या तिघांसाठी मिळून पाच जागा राखीव आहेत. त्यातल्या दोन आर्मेनियनांच्या. हे सगळे खरे आहे आणि कौतुकाचेही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. जन्माने मुसलमान असलेला कुणी ख्रिश्चन झाला, तर त्याला तिथे अटक होते, तुरुंगात जावे लागते. चर्चमध्ये आर्मेनियन भाषेत प्रार्थना चालते, फारसीत मात्र बंधने येतात. आणि हेही विसरू नका, की तेहरानमध्ये आम्हाला स्वतःची मशीद मिळत नाही, नमाजखान्यांवर भागवावे लागते, ही तिथल्या सुन्नींची जुनी तक्रार आहे. मग ज्या शहरात मरियमचे स्थानक उभे राहते, त्याच शहरात एखाद्याला घरात प्रार्थनेला जमल्याबद्दल दारावर थाप पडेल अशी भीती वाटत असेल, तर त्या उठावशिल्पाकडे तो कोणत्या मनाने बघत असेल?

टीका करणाऱ्यांचा हा मुद्दा मला पटतो. म्हणून ते स्थानकच नको होते, असे मात्र मी म्हणणार नाही. रोज हजारो लोक तिथून जातात. एखादे मूल आईला विचारेल, ही कोण? आई सांगेल, ही आपलीही मरियम आणि शेजारच्या चर्चमधल्या लोकांचीही. एवढी ओळख काही वाया जात नाही. तेवढ्यावर समाधान मानावे का, इतकाच प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. 2024 मध्ये सुरू झालेल्या आग्रा मेट्रोत एका स्थानकाचे नाव आधी 'जामा मस्जिद' ठरले होते, नंतर ते मनकामेश्वर मंदिराच्या नावाने झाले. वाचून आपल्याला वाईट वाटले. ते स्वाभाविक आहे, आणि सार्वजनिक जागेवर आपली खूणही राहावी, असे वाटण्यात काही गैर नाही. पण स्वतःला विचारून पाहा: पाटीवर नाव राहिले, भिंतीवर सुंदर जाळी-मेहराब काढली, आणि त्याच शहरात भाड्याने घर मागायला गेल्यावर आडनाव ऐकून दार बंद झाले, तर ती मेहराब आपल्या काय कामाची? जे आपल्याला इथे सलते, ते तिथल्या ख्रिश्चनाला, बहाईला, सुन्नीला सलणारच. इथे अल्पसंख्य म्हणून न्याय मागायचा आणि आपले लोक बहुसंख्य असतील तिथे दुसऱ्याच्या तक्रारीला अपप्रचार म्हणायचे, हे कुरआनाला धरून नाही. न्याय आपल्या माणसांच्या विरोधात जात असला तरी त्यावर ठाम राहा, अशीच त्याची शिकवण आहे.

मुलांशी अशा बातम्यांवर जरूर बोला. 'वाहवा' किंवा 'तौबा' म्हणून विषय संपवू नका. तिथे राहणाऱ्या माणसाला कसे वाटत असेल, हे त्यांनाच विचारू द्या.

सासूबाईंचे मत काही बदलले नाही. तसवीर नकोच, यावर त्या ठाम आहेत. पण झोपायला जाताना नातीला म्हणाल्या, "उद्या फजरनंतर सुरह मरियम पढू. आणि त्या पहिल्या मजल्यावरच्या ख्रिश्चन मावशी आजारी आहेत ना, त्यांना यखनी नेऊन दे."