टक्का पाहा, मगच चेहऱ्याला लावा

गेल्या महिन्यात बारावीतली एक मुलगी आईबरोबर माझ्या दवाखान्यात आली. दोन्ही गाल लालभडक, कातडी सोललेली. मुरुमांवर सॅलिसिलिक ॲसिड चांगले, असे तिला मैत्रिणीकडून कळले होते. वडिलांच्या तळपायाच्या जाड कातडीसाठी आणलेली ट्यूब घरात होती. तिच्यावर तेच नाव दिसले, म्हणून तीन रात्री लावली. मी ट्यूब पाहिली. औषध तेच, पण प्रमाण १२ टक्के!

मुरुमांसाठी चेहऱ्यावर हे औषध साधारण अर्धा ते २ टक्के वापरतात. कुरूप काढण्याच्या पट्टीत ते ४० टक्क्यांपर्यंत असते. नाव एक, कामे निराळी. काही मलमांत त्याच्या जोडीला बीटामेथासोन हे स्टेरॉइड असते. सोरायसिससारख्या विकारात ते उपयोगी. पण चेहऱ्यावर आठवडेच्या आठवडे लावले, तर कातडी पातळ होते आणि मुरुमे उलट वाढतात.

योग्य प्रमाणात मात्र हे औषध गुणी आहे. ते तेलात विरघळते, त्यामुळे तेलकट त्वचेच्या रंध्रांत शिरून तिथे साचलेल्या मृत पेशींचे बूच सैल करते. ब्लॅकहेड्स आणि बारीक पुटकुळ्या त्याने कमी होतात. खोल, दुखऱ्या गाठी असतील तर डॉक्टरांनाच दाखवावे.

सुरुवातीला एक दिवसाआड, रात्री, पातळ थर लावावा. फार आग झाली तर थांबावे. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावे. गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

माझे दोघांना सांगणे आहे. औषध विक्रेत्यांनी ट्यूब देताना ‘कुठे लावणार?’ एवढे तरी विचारावे. आणि वडीलधाऱ्यांनी ‘तोंडाला काय झालंय गं?’ असे येता-जाता विचारणे सोडावे. या मुलीला परीक्षेपेक्षा चुलत बहिणीच्या लग्नात चारचौघांत जाण्याची धास्ती होती. त्या धास्तीपोटीच हात मिळेल त्या ट्यूबकडे गेला. आता गाल बरे आहेत. पण काळसर डाग जायला अजून काही महिने लागतील.