वाळलेला हात

यावल तालुक्यात केळीचे घड डोक्या-खांद्यावरून वाहण्यात ज्यांची 25 वर्षे गेली, अशा एका परिचित गृहस्थांनी परवा हात पुढे केला, तेव्हा अंगठा व तर्जनी यांमधला मांसल उंचवटा खोलगट झालेला पाहून माझ्या काळजात चर्र झाले. त्यांची कैफियत मात्र निराळी होती: तेलाने कळ थांबली, आता सदऱ्याची बटणे तेवढी लागत नाहीत.

अशा दुखण्याचे कारण पुष्कळदा मानेत असते. मानेचे मणके 7 व तेथून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या 8. मधली चकती झिजून किंवा हाडाची कड वाढून एखाद्या मज्जातंतूचे मूळ दाबले गेले, म्हणजे बहुधा आधी कळ हातात उतरते, मग त्या तंतूच्या अंमलाखालचा स्नायू निर्बळ होतो आणि अखेरीस वाळतो. कळ गेली म्हणून रोग गेला, या समजुतीत कित्येकांचा मोलाचा काळ वाया जातो.

आयुर्वेदाने ही पीडा दुर्लक्षिलेली नाही. सुश्रुताने वातव्याधींत विश्वाची व अवबाहुक हे हाताचे विकार वर्णिले. वाग्भटाने अवबाहुकास नस्य (नाकात औषध सोडणे) व भोजनोत्तर स्नेहपान हितकर मानले. बला आणि माष यांनी सिद्ध केलेली तेले वैद्य आजही योजतात. माष म्हणजे आपला उडीद, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर पोसलेल्या खानदेशास बृंहण, म्हणजे शरीराचे पोषण, काय असते हे निराळे सांगावे लागत नाही. परंतु चरकाने वायूच्या प्रकोपाची कारणे दोन सांगितली आहेत, धातुक्षय आणि मार्गावरोध; आणि दबलेले मूळ हा माझ्या मते अवरोधच होय. पाटाचे तोंड गाळाने बुजले असता पांझरा नदीकाठच्या फडातला शेतकरी शेतात खत टाकीत बसत नाही, आधी गाळ काढतो. तेल व शेक यांनी आखडलेला स्नायू सैल होतो, वेदना शमते, आणि तेवढा दिलासा खरा आहे. वाढलेले हाड मात्र त्याने झिजत नाही. न्हाव्याकडून मान कडकन मोडून घेणे तर सर्वथा वर्ज्य.

तुटलेला-खचलेला तंतू दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतो, आणि वर्ष-दीड वर्ष तंतूवाचून राहिलेला स्नायू क्वचितच पूर्ववत होतो. म्हणून येथे दिरंगाई परवडत नाही. शिवाय हात वाळण्याच्या मुळाशी कोपरात दबलेला तंतू किंवा कुष्ठरोगही असू शकतो, त्याचा निवाडा तपासणीनेच होतो.

जळगाव व धुळे, दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. वाचकहो, आज दोन्ही हात शेजारी ठेवून ताडून पाहा. एक बारीक दिसला, पकड सुटू लागली, तर याच आठवड्यात तेथे दाखवा, आणि चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल तर उद्याची वाट पाहू नका. वैद्यांकडे जरूर जा, पण तपासणीचे कागद हाती घेऊन जा.